वणवा लागून गेलेला डोंगर पुन्हा कसा उभा राहतो? पहिल्या पावसापासून दहा वर्षांपर्यंत काय घडतं, गावाने काय करावं

इस्लामपूर : ऊसतोड संपत येते, रानं मोकळी होतात आणि त्याच सुमाराला वाळवा, शिराळा, पलूस, कडेगाव तालुक्यांतले डोंगर वाळलेल्या गवताने पिवळे पडलेले असतात. कुणीतरी बांधालगत पाचट पेटवतं, दुपारचा वारा फिरतो आणि अंधार पडायच्या आत डोंगरावर लाल रेघ दिसायला लागते. सकाळी बघावं तर अख्खी उतरण काळी. मग गावात दोन प्रकारची बोलणी सुरू होतात. एक म्हणतो, तीन वर्षांची झाडं गेली, आता इथं काही उगवत नाही. दुसरा म्हणतो, काही होत नाही, जूनमध्ये बघा, पहिल्यापेक्षा हिरवागार होतोय.

दोघांचंही अर्धं खरं आहे. जळालेला डोंगर हिरवा होतो, तेही लवकर. पण हिरवा होणं वेगळं आणि सावरणं वेगळं. पहिलं दोन महिन्यांत होतं, दुसऱ्याला दहा-पंधरा वर्षं लागतात. आणि दरवर्षी काडी लागत राहिली तर दुसरं कधीच होत नाही.

आग जमिनीवरून जाते, जमिनीत नाही

आपल्याकडचा वणवा बहुतेक वेळा गवत आणि पालापाचोळ्याचा असतो. परदेशातल्या बातम्यांत दिसतं तसं झाडांच्या शेंड्यांवरून उड्या मारत जाणारी आग इथं क्वचितच लागते. गवताची आग एका जागी मिनिट-दोन मिनिटं थांबते आणि पुढे सरकते. चढावर मात्र ती पळते. साधारण दर 10 अंश चढाला वेग दुप्पट होतो असा आग विझवणाऱ्यांचा ठोकताळा आहे. म्हणूनच पायथ्याला लागलेली आग माथ्यावर पोचायला वेळ लागत नाही आणि आगीच्या वरच्या अंगाला उभं राहणं जिवावर बेतू शकतं.

माती उष्णतेची वाईट वाहक आहे. वर ज्वाळा असतानाही चार बोटं खाली माती फारशी तापत नाही. त्यामुळे गवताचे गड्डे, कंद, झाडांची मुळं, खोल गेलेलं बी बहुतेक वाचतं. जळतं ते वरचं: पाला, कोवळी रोपं, वरच्या थरातलं बी, किडे-मुंग्या आणि पालापाचोळ्याची गादी. ती गादी व्हायला अनेक वर्षं लागलेली असतात, जायला मिनिटं पुरतात.

एक अपवाद लक्षात ठेवावा. पडलेला ओंडका किंवा पोकळ बुंधा पेटला तर तो दोन-दोन दिवस धुमसतो. त्याच्याखालची माती खोलवर भाजते, विटेसारखी तांबूस होते. तिथं पुढची कित्येक वर्षं गवतसुद्धा नीट येत नाही.

कोणतं झाड वाचतं, कोणतं जातं

झाडाचा जिवंत भाग सालीच्या लगेच आत असतो. तो साधारण 60 अंश सेल्सिअसला मरतो. मधे आडवी येते ती साल. साल दुप्पट जाड असेल तर आतला भाग जवळपास चौपट वेळ तग धरतो. म्हणून मोठं झाड काळं पडलं तरी जगतं आणि त्याच जातीचं अंगठ्याएवढं रोप मरतं.

जाड सालीत कुंभा पहिल्या नंबरावर. वारंवार जळणाऱ्या डोंगरावर इतर झाडं गेली तरी कुंभे उभे दिसतात ते यामुळे. पळस, ऐन, आवळा, टेंभुर्णी हीसुद्धा चिवट मंडळी. यांचं वरचं खोड गेलं तरी बुडातून फुटवे येतात. खैर, धावडा, हिवर यांच्यातही फुटायची ताकद असते, पण रोप किती मोठं आहे यावर सगळं अवलंबून. लागवड करून पहिल्या-दुसऱ्या वर्षातलं वड, पिंपळ, जांभूळ, आंबा यांचं रोप वणव्यात सापडलं तर त्यातलं फार थोडं परत येतं.

झाड मेलं की जिवंत आहे हे ओळखायला सोपी खूण आहे. बुंध्याला जमिनीपासून वीतभर उंचीवर नखाने किंवा चाकूने थोडी साल खरवडायची. आत हिरवट, ओलसर दिसलं तर झाड जिवंत. चारही बाजूंनी तपकिरी आणि कोरडं असेल तर वरचा भाग गेला. पण तेवढ्यावरून झाड उपटू नये, कारण मूळ जिवंत असू शकतं. जळालेलं रान साफ करण्याच्या नावाखाली एप्रिलमध्येच सगळं तोडून मोळ्या बांधल्या जातात, त्यात ऑगस्टमध्ये फुटणारी झाडं गेलेली असतात.

आणखी एक गोष्ट डोळ्याला दिसत नाही. दरवर्षी जळणाऱ्या डोंगरावर ऐनासारख्या झाडाचं रोप गुडघ्याएवढंच दिसतं. लोकांना वाटतं यंदाचं आहे. प्रत्यक्षात खाली मनगटाएवढं मूळ असतं. रोप दर पावसाळ्यात वर येतं, दर उन्हाळ्यात जळतं, आणि जोर मुळात साठवत राहतं. अशा डोंगराला तीन-चार वर्षं सलग आग लागली नाही की ही लपलेली झाडं एकदम डोक्याएवढी होतात. नवीन खड्डे न घेता जंगल उभं राहतं ते असं.

राख खत होते का?

डोंगर जाळला की गवत चांगलं येतं, हा समज पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. त्यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच तो जात नाही. राखेत पालाश, चुना, थोडं स्फुरद असतं. काळी जमीन उन्हाने लवकर तापते, वर वाळलेल्या गवताचं आच्छादन नसतं, त्यामुळे बारमाही गवताच्या गड्ड्यांना कोवळे कोंभ फुटतात. जनावर ते आवडीने खातं. मालकाला वाटतं जाळल्याचा फायदा झाला.

हिशेबाची दुसरी बाजू अशी. गवत आणि पाल्यातलं नत्र धुरासोबत बरंचसं हवेत निघून जातं. राहिलेली राख उतारावर मोकळी पडलेली असते. एप्रिल-मे महिन्यात वळीव येतो तो शांतपणे पडत नाही, बदाबदा कोसळतो. गवताचं आवरण नसलेल्या मुरमाड उतरणीवर त्याचा थेंब थेट मातीवर आपटतो, बारीक राख मातीची छिद्रं बुजवते, पाणी मुरायच्या ऐवजी पळतं आणि राखेसोबत वरची बोटभर माती घेऊन ओघळीत जातं. तिथून ओढ्यात, पाझर तलावात. म्हणजे खत झालं खरं, पण ते डोंगराला मिळालं नाही, तलावाच्या गाळाला मिळालं. ज्या वर्षी डोंगर जळतो त्या वर्षी पहिल्या पावसात ओढ्याला काळं पाणी येतं, ते हेच.

पायथ्याच्या विहिरींचा संबंधही इथंच आहे. डोंगरावर मुरलेलं पाणी पुढे झऱ्यांना आणि विहिरींना येतं. मुरणं कमी झालं की पाणी पावसाळ्यात जास्त आणि उन्हाळ्यात कमी होतं.

वैरणीचं खरं नुकसान कुसळात दिसतं

डोंगरावरच्या गवतात सगळं सारखं नसतं. पवना, मारवेल, डोंगरी ही चांगली वैरण. कुसळी ही कोवळी असेपर्यंत ठीक, नंतर तिची कुसळं जनावराच्या तोंडात आणि मेंढीच्या लोकरीत, कातडीत घुसतात. दरवर्षी जाळलेल्या आणि वर मोकाट चारलेल्या डोंगरावर पवना-मारवेल मागे पडतात आणि कुसळी पसरते.

याचं कारण कुसळीच्या बियातच आहे. बियाच्या टोकाला अणकुचीदार सुई असते आणि मागे पिळाची लांब शेपटी. दव पडलं की शेपटीचा पीळ सुटतो, ऊन पडलं की पुन्हा बसतो. या फिरण्याने बी गिरमिटासारखं जमिनीत उतरतं. वणवा येईपर्यंत ते मातीत सुरक्षित झालेलं असतं. वर पडून राहणारं बी जळतं, कुसळीचं उरतं, आणि पावसाळ्यात मोकळी जागा तिलाच मिळते.

म्हणजे जो शेतकरी चांगल्या गवतासाठी काडी लावतो तो दर वर्षी थोडी थोडी वाईट गवताची पेरणी करत असतो. गायरानावर कुसळ वाढलंय अशी तक्रार असलेल्या गावाने आधी आपला डोंगर किती वर्षं सलग जळतोय ते आठवून बघावं.

पहिल्या पावसाळ्यापासून पुढे

पहिल्या पावसात टाकळा, तरवड, गाजरगवत अशी उघड्या जमिनीची गर्दी होते. लांबून हिरवळ दिसते ती बरीचशी याचीच. त्याखाली बुडातून फुटवे निघालेले असतात. एका बुंध्याला आठ-दहा फुटवे सहज येतात. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी बारमाही गवताचे गड्डे पुन्हा मोठे होतात, पक्ष्यांच्या विष्ठेतून बोर, करवंद, तोरण अशी काटेरी झुडपं उगवतात. या झुडपांना नावं ठेवतात, पण त्यांच्या आडोशाला शेळीच्या तोंडातून वाचलेली झाडांची रोपं वाढतात. पाचव्या वर्षाच्या पुढे फुटव्यांची साल जाड व्हायला लागते आणि शेंडे गवताच्या ज्वाळेच्या वर जातात. इथून पुढे एखादा हलका वणवा झाडं सोसू शकतात. दहाव्या वर्षापर्यंत पाल्याची गादी पुन्हा तयार होऊ लागते.

मधेच आग लागली की ही मोजणी पुन्हा एकपासून.

घाणेरी आणि रानमोडीचं मात्र उलटं आहे. ही परदेशी झुडपं जळाली तरी बुडातून जोमाने फुटतात, मोकळी झालेली जागाही तीच पहिल्यांदा धरतात, आणि वाळली की पुढच्या वणव्याला सरपण पुरवतात. जिथं यांची झाडी माजली आहे तिथं डोंगर आपोआप सावरेल म्हणून सोडून देणं चालत नाही.

चांदोलीचं जंगल वेगळं

शिराळ्याच्या पूर्वेकडचा कोरडा डोंगर आणि पश्चिमेकडचं चांदोली यांना एकच माप लावता येत नाही. चांदोली 1985 मध्ये अभयारण्य आणि 2004 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. क्षेत्र 317.67 चौरस किलोमीटर. कोयना अभयारण्यासह 2010 मध्ये ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आलं आणि 2012 मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात कोयना आणि चांदोलीचं नाव लागलं. वारणेच्या खोऱ्यातलं हे रान सदाहरित आणि निमसदाहरित. पाथरपुंजचा परिसर तर राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत मोडतो.

इतक्या ओल्या रानातल्या झाडांना आगीची सवय नाही. अंजनी, जांभूळ यांसारख्या झाडांची साल पातळ, बुडाजवळ सावली आणि ओल. अशा राईच्या आत आग सहसा शिरत नाही. पण कडेने शिरली तर कडेची झाडं मरतात, ऊन आत येतं, गवत येतं, आणि पुढच्या वर्षी आग आणखी चार पावलं आत येते. गेलेली राई परत यायला एका माणसाचं आयुष्य पुरत नाही.

पुनर्वसन झालेल्या गावांच्या जुन्या शेतांवर आज गवताळ कुरणं आहेत. गवे, सांबर तिथं चरतात. ही कुरणं आणि सडे उन्हाळ्यात लवकर पेट घेतात, म्हणून वनविभाग त्यांच्या कडेने जाळरेषा काढतो, म्हणजे उन्हाळ्याआधी ठरावीक रुंदीचा पट्टा साफ करून ठेवतो, की आग तिथं अडावी. कारवीचं गणितही ध्यानात घ्यायला हवं. ती साधारण सात वर्षांनी एकदम फुलते, बी धरते आणि मरते. त्या वर्षी डोंगरभर वाळलेल्या काठ्या उभ्या असतात. तेव्हा आग लागली तर पडलेलं बी आणि नवी रोपं एकदमच जातात.

अंड्यांचे दिवस

मोठी जनावरं बहुधा पळतात. सापडतात ते घोरपड, कासव, सरडे, सापांची पिल्लं आणि जमिनीवर घरटं करणारे पक्षी. टिटवी, चंडोल, तित्तिर, लावा यांची अंडी घालायची वेळ आणि वणव्याची वेळ बरीचशी एकच. आगीच्या पुढे कोतवाल पक्षी घिरट्या घालताना दिसतात ते उडणारे किडे टिपायला. त्यांची चंगळ फार तर एक दिवसाची.

सागरेश्वरचा धडा जवळच आहे

उजाड डोंगरावर जंगल उभं राहतं का, याचं उत्तर बघायला लांब जायला नको. कडेगाव, पलूस आणि वाळवा तालुक्यांच्या मधोमध असलेलं सागरेश्वर अभयारण्य हे माणसांनी उभं केलेलं जंगल आहे. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने बोडक्या डोंगरावर झाडं लागली, राखली गेली, हरणं सोडली गेली आणि 1985 मध्ये अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र लहान, 10.87 चौरस किलोमीटर. आज तिथं सांबर, चितळ, काळवीट आहेत.

तिथं निर्णायक ठरली ती राखण. चराई आणि कुऱ्हाड थांबली, कुंपण झालं, आणि कमी पावसाच्या मुरमाड जमिनीनेही झाडं धरली. पण अशा लहान आणि सभोवती शेती असलेल्या रानाला वणवा जास्त महागात पडतो. गवत जळालं की हरणांना दुसरीकडे जायला जागा नाही. ती कुंपणाच्या फटीतून उसात आणि शाळवात उतरतात, आणि नुकसान शेतकऱ्याचं होतं.

ऑस्ट्रेलियाचं उदाहरण इथं का लागत नाही

2019-20 च्या उन्हाळ्यात ऑस्ट्रेलियात कोट्यवधी एकर रान जळालं. काही आठवड्यांतच काळ्या खोडांवर हिरव्या पालवीचे झुबके फुटल्याचे फोटो आपल्याकडेही मोबाईलवर फिरले. ते खरे होते. निलगिरीच्या बऱ्याच जातींच्या सालीखाली झोपलेले डोळे असतात, शेंडा गेला की ते जागे होतात. तिथल्या बँक्सिया नावाच्या झाडाची काही बोंडं तर आगीची धग लागल्यावरच उघडतात. लाखो वर्षं विजेच्या आगीसोबत राहून ती झाडं तशी घडली.

सह्याद्रीत वीज पडते ती बहुधा वळवाच्या किंवा पावसाळ्याच्या सरीसोबत. कोरड्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आपोआप आग लागायला इथं कारणच नसतं. फांदीवर फांदी घासून वणवा लागतो असं सांगितलं जातं, पण आपल्याकडच्या जवळजवळ सगळ्या वणव्यांमागे माणूस असतो: पाचट, बिडी-सिगारेट, मध काढणारे, शिकारी, रात्रीच्या पार्टीची चूल, आणि मुद्दाम लावलेली काडी.

जळालेल्या डोंगरावर गावाने काय करावं

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात अवघड काम म्हणजे पहिला पावसाळा जनावरं न सोडणं. कोवळे फुटवे शेळीने दोनदा खाल्ले की मुळातला साठा संपतो आणि झाड कायमचं जातं. पूर्ण डोंगर बंद ठेवणं जमत नसेल तर जळालेला भाग तरी ग्रामसभेत ठराव करून बंद करावा आणि तिथलं गवत कापून आणायची मुभा द्यावी. दोन वर्षं असं केलं तर वैरण उलट वाढते.

दुसरं काम वळवाच्या आधीचं. जळालेल्या फांद्या, दगड उतारावर आडवे लावावेत, ओघळीत दगडांचे छोटे बांध घालावेत. वाहून जाणारी राख आणि माती तिथं अडते आणि पुढे पहिलं गवत तिथंच उगवतं. समतल चर आधीपासून असतील तर गाळ काढून मोकळे करावेत. जमीन वनविभागाची असेल तर वनरक्षकाला विचारूनच.

लागवडीची घाई नको. वणवा झाला की लोक चिडतात, जूनमध्येच हजार रोपांचा कार्यक्रम होतो, फोटो निघतात. तो उत्साह चुकीचा नाही, वेळ चुकीची आहे. एक पावसाळा थांबावं, ऑक्टोबरमध्ये डोंगर फिरून किती जुनी झाडं फुटली ते मोजावं आणि मोकळ्या राहिलेल्या जागीच पुढच्या जूनमध्ये स्थानिक जातीची रोपं लावावीत. बुडातून फुटलेल्या झाडाला दुसऱ्या वर्षी एक-दोन सरळ, जोमदार फुटवे ठेवून बाकीचे छाटले तर ते नव्या रोपापेक्षा किती तरी वेगाने वाढतं. त्याला जुनं मूळ आहे, टँकरने पाणी घालावं लागत नाही.

घाणेरी मुळासकट काढायची ती पहिल्याच पावसात, जमीन मऊ असताना. पुढे काढणं दुप्पट कष्टाचं.

लागवड असलेल्या डोंगराला जाळरेषा हवीच, आणि ती गवत पूर्ण वाळायच्या आत, म्हणजे जानेवारीअखेर झाली पाहिजे. रोपाभोवती हातभर आळं गवतमुक्त ठेवलं तरी बरीच रोपं वाचतात.

मूळ कारण पाचट असेल तर

वाळवा तालुक्यात हा विषय टाळून चालणार नाही. उसाचं पाचट हेक्टरी 8 ते 10 टन निघतं. ते जाळण्याऐवजी खोडव्यात सरीत दाबून ठेवायचं, बुडखे जमिनीलगत छाटायचे, आणि पाचटावर हेक्टरी 80 किलो युरिया, 100 किलो सिंगल सुपर फॉस्फेट व 10 किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक टाकून पाणी द्यायचं, अशी शिफारस आहे. पाण्याची पाळी लांबते, तण कमी होतं. ज्यांना जाळायचंच असतं त्यांची अडचण बहुधा मजूर आणि वेळेची असते. पण रान डोंगराच्या पायथ्याला असेल तर निदान दुपारच्या वाऱ्यात काडी लावू नये आणि राख थंड होईपर्यंत बांध सोडू नये.

कायदा आणि फोन नंबर

वनविभाग साधारण 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्याचा हंगाम धरतो. भारतीय वन अधिनियम 1927 च्या कलम 26 नुसार राखीव वनात आग लावणं गुन्हा आहे, त्याला कैद आणि दंड दोन्ही आहेत. आग मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने लागल्याचं दिसलं तर त्या वनातले चराईचे हक्क काही काळ बंद करण्याचा अधिकारही सरकारला आहे, म्हणजे एकाने लावलेल्या काडीचा भुर्दंड सगळ्या गावाला बसू शकतो. कलम 79 नुसार वनात हक्क असलेल्यांनी आग विझवायला मदत करणं बंधनकारक आहे. अभयारण्यात आग लावल्यास वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 वेगळा लागतो.

उपग्रहावरून दिसणाऱ्या आगीची सूचना भारतीय वन सर्वेक्षण संस्था मोबाईलवर पाठवते, पण उपग्रह डोक्यावरून जाईपर्यंत काही तास जाऊ शकतात. गावातून दिसलेला धूर त्याच्या आधीचा. वनविभागाची टोल-फ्री हेल्पलाईन 1926. फोन करताना गावाचं नाव, डोंगराची कोणती बाजू, आग वर चढतेय की खाली उतरतेय, वारा कुठून कुठं आहे आणि पायथ्यापर्यंत गाडी जाते का, एवढं सांगावं. विझवायला जाणाऱ्यांनी सुती कपडे आणि बूट घालावेत, निरगुडीसारख्या ओल्या फांद्या घ्याव्यात, आगीच्या बाजूने किंवा मागून काम करावं आणि एकट्याने जाऊ नये. समोरून उलटी आग लावण्याचं काम वनकर्मचाऱ्यांवर सोडावं. आग विझली असं वाटल्यावरही पोकळ बुंधे आणि ओंडके तपासावेत, कारण दुसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला की तिथूनच पुन्हा सुरुवात होते.